माझे की माझं

मास्तरांच्या घरातलं इंटरनेट नेमकं पाच वाजायच्या बेताला रुसलं. पाच वाजता परदेशातली नात कॉम्प्युटरच्या पडद्यावर येऊन स्वतः रचलेली कविता म्हणणार होती. पहिलीवहिली कविता, आणि आजोबांनी ऐकल्याशिवाय ती कुणालाच ऐकवायची नाही, असं तिनं जाहीर केलं होतं. मास्तरांनी त्यासाठी खास दाढी केली होती.

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. राउटरच्या सगळ्या वायरी काढल्या, फुंकर मारली, परत खोचल्या. दिवे झकास हिरवे लागले, पण पडद्याचं एकच पालुपद, पासवर्ड चुकीचा आहे. उभी हयात मराठी शिकवण्यात गेलेल्या मास्तरांनी 'चुकीचा' हा शब्द कायम दुसऱ्यांसाठी वापरला होता. स्वतःच्या वाट्याला आल्यावर तो भलताच झोंबला.

शेवटी त्यांनी आपल्या जुन्या बटणांच्या फोनवरून नेटवाल्याला गाठलं. तो म्हणाला, लाइन ठणठणीत आहे, पासवर्ड घरातूनच बदललाय. कसा बदलायचा ते काकूंनी परवाच फोन करून विचारून घेतलं होतं.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. रविवारी जावयाच्या घरची सगळी मंडळी पडद्यावर हजर असताना मास्तरांनी तिची वाक्यं एकदा नव्हे, तीनदा सुधारली होती. तेव्हापासून घरात अबोला होता, आणि तो कशामुळे, हे मास्तरांना खरोखरच कळलं नव्हतं. हुशार माणसं कधीकधी अशी ठार आंधळी असतात.

पासवर्ड काय आहे, असं त्यांनी दारातूनच विचारलं. तिनं उत्तर मटारांना दिलं.

"ज्यांना जन्मात जे दोन शब्द बोलता आले नाहीत, तेच टाका म्हणावं. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी."

मास्तर इतकेही मठ्ठ नव्हते. कान लाल करून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी टाइप केलं, माझे चुकले. नाही चाललं. 'झ'साठी जे-एच घातलं होतं, ते खोडून झेड घातलं, मग झेड-एच. शेवटी एक ई, मग दोन ई. पोरांना एकेक शब्द शंभरदा लिहायला लावणारा माणूस आता स्वतःचा माफीनामा पुन्हा पुन्हा गिरवत होता आणि दर खेपेला नापास होत होता. तिकडे नात कागद धरून रिकाम्या पडद्यासमोर उभी असेल. ते उठून पुन्हा दारात आले.

"अगं, 'माझे चुकले' हेच ना?"

"असं पुस्तकं बोलतात. माणसं काय बोलतात?"

मास्तरांनी घसा खाकरला. दाराची चौकट धरली. सोडली.

"माझं चुकलं," ते म्हणाले. आणि मग कुणी विचारलं नसताना, अगदी हळू, "सगळ्यांसमोर तुला तसं बोलायला नको होतं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती उठली, पदराला हात पुसले, कॉम्प्युटरपाशी बसली आणि एकेक अक्षर पुटपुटत टाइप करू लागली. माझंच चुकलं. इंटरनेट लागलं.

"हा 'च' कुठून आला?" मास्तरांनी विचारलं.

"तो माझा. तुमच्याशी लग्न केलं ना, त्याचा."

तेवढ्यात पडद्यावर नात उगवली. वाट बघून तिचं तोंड वाकडं झालं होतं, पण कविता म्हणायला मिळाल्यावर ते सरळ झालं.

"माझा मांजर आली, खिडकीमध्ये बसलं!"

एकाच ओळीत मांजराची तिन्ही लिंगं झाली. मास्तरांचं तोंड आपोआप उघडलं. शेजारी बसलेल्या बायकोनं राउटरची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"बरोबर आहे ना, आजोबा?"

"अगदी बरोबर," मास्तर म्हणाले. "पुन्हा एकदा म्हण."