तरंगत्या गावातला माझा गोंगाट

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस विचारतो, "हे आहे तरी काय?" त्याचं चुकत नाही. माझं एक अंग पाण्याच्या पंपाचं आहे, दुसरं टॅक्सीचं, आणि दोघांना धरून ठेवणारी फळी एका मोडक्या होडीची आहे. मी घरी बनवलेला एक जुना जनरेटर आहे. कंबोडियाच्या मोठ्या सरोवरावर जी गावं पाण्यावरच तरंगतात, त्यांपैकी एका गावात मी आयुष्यभर बॅटऱ्या भरल्या. मी गावाला उजेड दिला, हे खरं आहे. पण आज जे सांगणार आहे, ते त्या उजेडाविषयी नाही.

मला सारुनने बनवलं. सारुन आधी मासे धरायचा. पण जाळ्यापेक्षा त्याला नट-बोल्टची गोडी जास्त. कुणाच्या होडीचं इंजिन खोकू लागलं की तो स्वतःची होडी वाऱ्यावर सोडून तिकडे जायचा. त्याची बायको फल्ली म्हणायची, "बाँग, मासे काही स्वतःहून चुलीपर्यंत चालत येणार नाहीत." बाँग म्हणजे मोठा भाऊ. आमच्याकडे बायको नवऱ्यालाही बाँग म्हणते आणि शेजारीही म्हणतात.

गावात विजेची तार नव्हती. पाण्यावर खांब कुठे रोवणार? घरोघरी गाडीची एक बॅटरी असे. तिच्यावर रात्री दिवा आणि दुपारी टीव्ही चाले. बॅटरी उतरली की ती होडीत घालून पार किनाऱ्यावरच्या बाजारात न्यावी लागे. सारुनच्या मनात आलं, हे काम इथेच का होऊ नये?

किनाऱ्यावरच्या शेतातून त्याने पंपाचं लहानसं पेट्रोल इंजिन आणलं. पुरात बुडालेल्या एका टॅक्सीतून अल्टरनेटर काढला. तुम्हांला ठाऊक असेल, गाडी चालू असताना तिची बॅटरी भरण्याचं काम हा अल्टरनेटर करतो. सारुनने दोघांना जाड फळीवर शेजारी शेजारी बसवलं. दोघांच्या चाकांवरून एक रबरी पट्टा घातला. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत की नाहीत हे त्याने सूत ताणून पाहिलं, कारण पट्टा जरा जरी तिरका झाला तरी तो उडतो नाहीतर झिजतो. पट्ट्याचा ताण त्याने अंगठ्याने दाबून पाहिला. मग दोरी ओढली. इंजिन धडधडलं, अल्टरनेटर गरागरा फिरला, आणि वीज मात्र जराही आली नाही.

जमलेली मंडळी हसली. कुणीतरी म्हणालं, "सारुन, वारा छान येतोय. पंखा म्हणून वापर." सारुनही हसला, पण त्याचं लक्ष माझ्याकडेच होतं. शेवटी त्याला उमगलं. अल्टरनेटरचा स्वभाव असा, की आधी स्वतःला थोडी वीज मिळाल्याशिवाय तो वीज देत नाही. सारुनने एका भरलेल्या बॅटरीवरून लहान दिव्यातून एक तार त्याला दिली. पुन्हा दोरी ओढली. दिवा मंदावला आणि विझला. दिवा विझणं हीच खूण होती. आता मी घेत नव्हतो, देत होतो. आजही तो क्षण आठवला की माझा पट्टा थरथरतो.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळपासून होड्या यायच्या. कोणी रिएलच्या नोटा द्यायचं, कोणी मासे, कोणी नुसतंच "उद्या देतो" म्हणायचं. बायका बॅटरी ठेवता ठेवता गप्पा मारत. शनिवार-रविवारी टीव्हीवर मुष्टियुद्ध असे, म्हणून शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी माझ्याभोवती बॅटऱ्यांची रांग लागायची. सारे मला शहाणं यंत्र म्हणायचे. मी फुशारलो होतो, हे लपवत नाही.

त्याच दिवसांत माझा सायलेन्सर गंजून गळून पडला. सायलेन्सर म्हणजे इंजिनाचा आवाज गिळणारा डबा. तो नसल्यावर माझा आवाज अर्ध्या सरोवरावर पसरू लागला. फल्ली म्हणाली, बाजारातून नवा आण. सारुनने नकाराची मान हलवली. त्याचं म्हणणं, हा आवाज म्हणजेच आपली पाटी. लांबच्या घरांना कसं कळणार की यंत्र चालू आहे? आवाज ऐकला की लोक बॅटरी होडीत टाकतात आणि निघतात. तसंच होत होतं, म्हणून फल्लीने नाद सोडला.

आमच्या घराला लागून चांथीचं घर बांधलेलं होतं. तिचा नवरा थायलंडला बांधकामावर गेला होता. ती आणि तिची लहानगी लिन, दोघीच राहायच्या. चांथी दिवसभर लोकांची जाळी दुरुस्त करायची. ती कधी हसत म्हणायची, "बाँग सारुन, तुमचं हे यंत्र खातं तरी काय? ढेकर साऱ्या गावाला ऐकू जातो." सारुन म्हणायचा, "पेट्रोल पितं, वहिनी. तुम्ही वाढा, मग हळू ढेकर देईल." ती पुन्हा हसायची. ती हसत हसत एक खरी अडचण सांगत होती. ती ना त्याला कळली, ना मला.

आमच्या गावात, पोहायला न शिकलेल्या मुलाच्या पायात पितळेचं घुंगरू बांधतात. आईचे हात जाळ्यात असतात, डोळे जाळ्याच्या गाठींवर असतात आणि मूल कानांवर सोपवलेलं असतं. घुंगरू वाजतंय तोवर मूल फळ्यांवर आहे. ते थांबलं की आई मान वळवते. पाण्यावरच्या आया अशाच मुलं वाढवत आल्या आहेत. पण मी सुरू झालो की त्या आयांचे कान मी बंद करत होतो.

तो शनिवार होता. मोठी लढत होती, बॅटऱ्या खूप होत्या. सारुनने मला पूर्ण वेगात सोडलं होतं आणि माझ्यावर वाकून तो तारा जोडत होता. चांथी पाठमोरी बसून जाळं विणत होती. लिन फळीच्या कडेला बसून पाण्यात हात बुडवत होती. मग ती तिथे नव्हती.

मित्रांनो, मी एका फळीवर जखडलेलं लोखंड आहे. थांबण्याची कळ माझ्या हाती नव्हती. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं, तरी मन मानत नाही. मी तसाच धडधडत राहिलो.

फल्ली तांदळाचं धुवण टाकायला बाहेर आली आणि तिला पाण्यात लिनच्या अंगावरच्या लाल फडक्याचं टोक दिसलं. ती ओरडली. सारुन तिच्यापासून हातभर अंतरावर होता, तरी त्याने वर पाहिलं नाही. शेवटी तिने भांडं टाकलं आणि स्वतःच उडी मारली. पाण्याचे शिंतोडे पाठीवर उडाले तेव्हा कुठे सारुन वळला. फल्लीने लिनला वर काढलं, गावात येणाऱ्या परिचारिकेने शिकवलं होतं तसा तोंडाने श्वास दिला. बऱ्याच वेळाने ती पोर खोकली आणि रडली. ते रडणं सगळ्यांना ऐकू आलं, कारण तोपर्यंत मला बंद केलं होतं.

लिन वाचली. दवाखान्यातून चार दिवसांत परतलीही. पण गावाला बोलायला विषय मिळाला. आईचं लक्ष कुठे होतं? इतकं कसलं जाळं? चांथी स्वतःच म्हणायची, "मीच पाठ केली होती. घुंगरू थांबलं आणि मला कळलं नाही." बॅटरी ठेवायला येणाऱ्या बायका माझ्या शेजारी उभ्या राहून, माझ्याच आवाजावर आवाज चढवून, चांथीला बोल लावायच्या. सारुन ते ऐकायचा. तारा जोडायचा आणि गप्प राहायचा. त्याला कारण ठाऊक होतं. ते त्याच्या गप्प बसण्यातून मला कळत होतं. फल्लीही त्याच्याकडे पाहायची आणि आत निघून जायची. त्या दिवसांत तो जेवताना ताटात बोटं फिरवत बसायचा, आणि मला पुसताना माझ्याकडे पाहायचा नाही.

मग एका सकाळी किनाऱ्यावरून चांथीची सासू आली. तिला सगळे याय सिम म्हणत. याय म्हणजे आजी. तिचीही अर्धी हयात याच पाण्यावर गेली होती. ती लिनला न्यायला आली होती. आरडाओरडा केला नाही तिने. इतकंच म्हणाली, की मी या पाण्यावर घुंगराच्या आवाजावर पाच मुलं वाढवली, जिला एकीचंही घुंगरू ऐकू येत नाही तिच्याकडे माझी नात राहणार नाही. चांथी उठली. ती लिनच्या कपड्यांचं गाठोडं बांधू लागली. गाठ बसत नव्हती.

सारुन हे पलीकडून पाहत होता. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि फळी ओलांडून गेला.

"याय, जरा इथे बसाल? चांथी बसते त्या जागी."

"कशाला?"

"बसा ना. पाठ अशी. हे जाळं हातात घ्या. आणि पाण्यात काही पडलं की मला सांगा."

"माझे कान शाबूत आहेत, पोरा."

"म्हणूनच तुम्हांला बसवतोय."

म्हातारी बसली. सारुनने दोरी ओढली आणि मला सुरू केलं. तो मला रोजच्यासारखाच चालवत होता, जराही हळू नाही. मग त्याने फल्लीला खूण केली. घर एका जागी राहावं म्हणून पाण्यात सोडायचा मोठा दगड कडेला होता, लिनपेक्षा जड. तो तिने ढकलला. पाणी उसळलं. बॅटऱ्या घेऊन आलेल्या साऱ्यांनी ते पाहिलं. याय सिमची बोटं गाठीवर गाठ मारत राहिली.

सारुनने मला बंद केलं.

"टाक की आता," याय म्हणाली.

मग फल्ली हळूच म्हणाली, "टाकला, याय. केव्हाच."

म्हातारीने मान वळवली. पाण्यावर अजून वर्तुळं पसरत होती. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, मग चांथीकडे.

"चांथी," ती म्हणाली, "गाठोडं सोड. पोरीचे कपडे दोरीवर टाक." आणि सारुनकडे न पाहताच तिने विचारलं, "आणि तू इतके दिवस कुठे होतास रे?"

"कुठे नाही, याय," सारुन म्हणाला. "शेजारीच होतो."

हे सांगताना त्याची मान खाली होती. मला मान नाही, नाहीतर माझीही खाली गेली असती.

लोक म्हणाले, बुडवा हे यंत्र. सारुन तयारही झाला. चांथीनेच नको म्हटलं. तिला फक्त ऐकू यायला हवं होतं. सारुनने बाजारातून सायलेन्सर आणला आणि बांबूचा वेगळा तराफा करून मला शेवटच्या घराच्याही पलीकडे नेऊन बांधलं. लांबच्या लोकांना मी चालू आहे हे कळावं म्हणून काठीला एक पिवळं फडकं लावलं. गिऱ्हाईक कमी झालं. त्याने कुरकुर केली नाही. आणि त्या दिवसापासून दोरी ओढण्याआधी तो होडी वल्हवत चांथीच्या दारी जाऊ लागला आणि विचारू लागला, "सुरू करू का?" ती लिनला जवळ घेऊन बसे आणि होकाराची मान हलवी. मगच तो परतून मला सुरू करी.

आता घरांच्या छपरांवर उन्हापासून वीज करणाऱ्या सोलर पाट्या आल्या आहेत. मला क्वचितच काम असतं. माझा पट्टा भेगाळलाय. सारुन म्हातारा झालाय, पण विचारल्यावाचून अजूनही दोरी ओढत नाही.

मित्रांनो, यंत्र बनवा, खुशाल बनवा. चाकं एका रेषेत बसवा, पट्टा नीट ताणा, तेल पाहा. पण ते सुरू करण्याआधी शेजारच्या दारी जा आणि विचारा. आपल्या आवाजाखाली कुणाचा आवाज दबतो हे यंत्राला कळत नाही आणि ते चालवणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही. आणि कळल्यावर गप्प बसू नका. ते माझ्या गोंगाटाहून वाईट.

लिन आता मोठी झाली आहे. माशासारखी पोहते, होडीच्या शर्यतीत मुलांना मागे टाकते. तरी मी कधी सुरू झालो, की पलीकडे चांथीचे जाळ्यातले हात थांबतात. ती उठते, फळीच्या कडेला येते आणि लेक दिसेपर्यंत पाण्याकडे पाहत उभी राहते.