माळ्यावरची पेटी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे, आणि मित्रांनो, मी जड आहे हे आधीच सांगून टाकते, कारण उचलणारा प्रत्येक जण ते मला तोंडावर ऐकवतोच.

तळमजल्यावरच्या सुतारकाकांनी मला तरुणपणी बनवलं. पाडलेल्या शाळेच्या तुळया फुकट मिळाल्या, म्हणून त्यांनी हात सैल सोडला. मला न्यायचं तर दोन माणसं लागतात, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या. चढायचं तर एकाने खाली धरून उभं राहावं लागतं. तरीही आमच्या चार मजली इमारतीत माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. "शिडी असावी तर अशी," असं लोक म्हणत आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करी.

मग चौथ्या मजल्यावर कुणीतरी ॲल्युमिनियमची शिडी आणली. एका हाताने उचलता येणारी, जरा धक्का लागला की खुळखुळणारी. माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या पायऱ्यांवर ओल्या छत्र्या वाळू लागल्या. मी काय काय गिळलं ते माझं मला ठाऊक.

गेल्या वर्षी कारखान्याच्या फाटकावर 'पुढील सूचना मिळेपर्यंत बंद' अशी पाटी लागली. इमारतीतली निम्मी माणसं तिथलीच. पहिले दोन दिवस जिन्यात नुसती चर्चा चालली. मग भेटलं की 'कधी उघडणार?' एवढंच विचारायचं आणि ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून माणसं एकमेकांना टाळू लागली. चौथ्या मजल्यावरचा वेल्डर तर अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. कुणाशी एक शब्द बोलला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी त्याची बायको काकांकडे आली.

"काका, शिडी हवी होती. माळ्यावरची पेटी काढायचीय."

"अगं, ती हलकी शिडी तुझ्या शेजारीच आहे की."

ती बोटातली अंगठी फिरवत उभी राहिली. काकांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं.

"धर ते टोक," ते म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या वळणावर मी अडकले. पुढे जाईना, मागे येईना. खाली दूधवाला खोळंबला, वर शिकवणीच्या बाई. जो तो सल्ले देऊ लागला. कुणी तर कठडाच कापा म्हणालं. मी लाजेने अर्धमेली झाले. काका मात्र कपाळ पुसत वर ओरडले, "अरे बाबा, बाहेर ये जरा. माझी कंबर गेली."

दार उघडलं. दाढी वाढलेला वेल्डर बनियनवरच जिन्यात आला.

"आधी उभी करा तिला," तो म्हणाला. "एवढं कळत नाही?"

अकरा दिवसांनंतरचं त्याचं हे पहिलं बोलणं.

मित्रांनो, त्या वळणावरून काकांनी मला शेकडो वेळा नेलं आहे, तेही शिट्टी वाजवत. त्यांनी मला मुद्दाम अडकवलं हे लक्षात आलं तेव्हा आधी मला रागच आला.

घरात मला माळ्याला टेकवलं. वेल्डर चढला, डोकं आत घातलं आणि बराच वेळ चाचपडत राहिला.

"इथे पेटीबिटी काही नाही," आतून आवाज आला.

"मला माहीत आहे," बायको म्हणाली.

तो उतरला नाही. माझ्या सहाव्या पायरीवरच उभा राहिला. मग माळ्यातूनच तो म्हणाला, "काका, मला फार भीती वाटते हो."

काकांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मलाही वाटते," ते म्हणाले. "हवा तेवढा वेळ थांब तू. मी धरलंय."

कारखाना अजून बंदच आहे. माझी मात्र सतत ये-जा चालू असते. परवा शिकवणीच्या बाई मला पडदे लावायला घेऊन गेल्या. त्यांच्या घरात पडदेच नाहीत. दीड तास मी भिंतीला टेकून उभी होते, आणि बाई नि माझं दुसरं टोक धरून आलेली वेल्डरची बायको बोलत बसल्या होत्या. एकाही पायरीवर कुणाचा पाय पडला नाही. पूर्वी मला हा अपमान वाटला असता.

तेव्हा मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. उद्या कुणी तुमच्या दारात उभं राहून भलतंच काहीतरी मागितलं, तर कशाला हवं म्हणून उलटतपासणी करू नका. चपला घाला आणि त्याच्या घरापर्यंत जा.