पाण्यात कोण आहे?

रातू नेमानी जिवंत असताना नेहमी म्हणायचा, "मी मरेन तो पावसाळ्यात मरेन. ऐन लाटांच्या हंगामात मरून पोरांच्या पोटावर पाय आणणार नाही." आयुष्यभर दिलेला शब्द पाळणाऱ्या त्या माणसानं एवढा एक शब्द मात्र मोडला. मे महिन्यात, दक्षिणेकडून पहिल्या मोठ्या लाटा यायला लागल्या त्याच आठवड्यात, दुपारची डुलकी घेता घेता तो गेला. आणि गावाचा रातू, म्हणजे प्रमुख, गेला की शंभर रात्री खडक बंद. मासा मारायचा नाही, होडी न्यायची नाही, फळी घेऊन लाटेवर जायचं नाही. माणसांबरोबर समुद्रानंही सुतक पाळायचं.

गावानं पाळलं, कुरकुरत का होईना. समोर खडकावर मासे उड्या मारत होते आणि गाव डब्यातला बांगडा खात होतं. सकाळी कसाव्याबरोबर डबा, रात्री अळूसारख्या तारोच्या पानांबरोबर डबा. त्या वासानं मांजरंसुद्धा तोंड फिरवायला लागली. सर्फिंगच्या कॅम्पात उतरणारे गोरे पाहुणे दुसऱ्या बेटाकडे वळले, आणि त्यांना खडकापर्यंत नेणारे गावातले होडीवाले आंब्याखाली बसून पत्ते कुटायला लागले.

रोपाते हा रातूचा एकुलता एक मुलगा. त्याचं काय चाललंय ते कुणालाच कळेना, आणि खरं म्हणजे त्यालाही कळत नव्हतं. बाप गेला तेव्हा तो रडला नाही. खड्डा खणताना रडला नाही, चटया पसरताना नाही, चर्चमध्ये सगळं गाव गळा काढून गात होतं तेव्हाही नाही. जेवण पुढे आलं की जेवायचा, अंथरूण दिसलं की आडवा व्हायचा. काहीही विचारलं तरी "बघू" म्हणायचा.

"माझ्या भावाला डझनभर पोरं हवी होती," उनाइसी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "मिळाला एक, आणि तोही ओंडका!"

ती रातूची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन माहेरी आली ती भावाच्या घरातच राहिली. तिचं बोलणं रोपातेला लागत नव्हतं. लागायला हवं, एवढं त्याला समजत होतं. उलट लोकांचं एक नवं खूळ त्याला जास्त खटकायचं. काल-परवापर्यंत "अरे रोपाते" म्हणणारी माणसं अंत्यविधीनंतर एकदम "अहो" म्हणायला लागली होती. कुणी अहो म्हटलं की तो मागे वळून पाहायचा.

रातूचे डोळे साखरेनं गेले होते. पण सकाळचा चहा आणि समुद्राची खबर यांच्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. उजाडलं की रोपाते चर्चजवळच्या बांधावर जायचा, परत येऊन व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीसमोर उभा राहायचा, बापाला 'ता' अशी हाक मारायचा आणि सांगायचा. आधी वारा, मग पाणी, मग लाट. लाट फुटांत सांगितलेली रातूला खपत नसे. "फूटबीट गोऱ्यांना सांग. मला माणसं सांग." मग लाट कधी आत्याच्या कमरेएवढी असायची, कधी पाद्र्याच्या टकलाएवढी. खडकाच्या टोकाशी एक लोखंडी खांब आहे. तरुणपणी ओहोटीच्या वेळी रातू त्याला पाठ लावून उभा राहिला होता, आणि वर केलेल्या हाताची बोटं पोचली तिथं त्यानं मित्राकडून लाल पट्टा रंगवून घेतला होता. गावात त्याच्याएवढा उंच माणूस दुसरा नव्हता. लाट त्या पट्ट्याला लागली की ती 'हात वर केलेला नेमानी'. अशी लाट फार क्वचित यायची.

सगळं ऐकून झालं की रातू शेवटी विचारायचा, "आणि पाण्यात कोण आहे?"

रोपाते नावं सांगायचा. पाहुण्यांची नावं ठाऊक नसली तर "लाल चड्डीवाला", "ती नाकाला पांढरं फासणारी बाई" असं काहीतरी. रातू प्रत्येकाला मान डोलवायचा. आणि ती सगळी माणसं पाण्याबाहेर आल्याचं कळेपर्यंत खुर्ची सोडायचा नाही. चहा निवून जायचा, आत्या करवादायची, पण तो हलायचा नाही.

पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी रोपाते सवयीनं बांधावर गेला, सवयीनं परत आला आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहून "वारा आग्नेयेचा," एवढं बोलून गेला. आत आत्याच्या हातातून बशी पडली. त्या दिवसापासून तो बांधाकडे फिरकला नाही. कुठेही बसला तरी समुद्राकडे पाठ करून बसायचा.

अर्ध्याहून जास्त रात्री सरल्या होत्या तेव्हा एका सकाळी आपोरोसा धापा टाकत आला. हा आत्याचा मुलगा, कॅम्पातला होडीवाला. आईच्या गावात भाच्याला कुणी कशालाही नाही म्हणायचं नाही, अशी तिथली रीत, आणि आपोरोसा ती मन लावून पाळायचा. रोपातेच्या कोंबड्या, रोपातेचा शर्ट, एकदा तर होडीचं इंजिनसुद्धा त्यानं न विचारता उचललं होतं.

"ए मामाच्या लेका, ऊठ! परवा येतेय."

"कोण?"

"तुझी बायको! अरे लाट येतेय, लाट. कॅम्पातल्या कॉम्प्युटरवर बघून आलो. खाली दक्षिणेला भलं मोठं वादळ झालंय. आणि ऐक, आग्नेयेचा वारा पडणार. परवा सकाळी मतलई."

त्यांचा खडक दक्षिणेकडे तोंड करून आहे. आग्नेयेचा वारा हंगामभर समुद्रावरून येतो आणि लाटेचं तोंड फोडून टाकतो. जमिनीवरून निघालेला मतलई वारा समोरून येऊन लाटेला थोपवून धरतो, तिला उभी राहू देतो. मोठी लाट आणि मतलई वारा एकाच सकाळी भेटणं म्हणजे नशीबच. एरवी ही बातमी ऐकून तो नाचला असता.

"खडक बंद आहे," तो म्हणाला.

"तो उघडायचा की नाही ते तुझ्या हातात आहे, शहाण्या! म्हातारे तुलाच विचारणार आहेत. कॅम्प पाहुण्यांना परत बोलावायला तयार आहे. सगळ्यांच्या घरात चार दिवस चूल नीट पेटेल. आणि तू नाही म्हणालास तर मी आहेच. भाचा आहे मी या गावचा. सगळा खडक उचलून नेईन काखोटीला मारून."

"ने," रोपाते म्हणाला.

आपोरोसाचं हसू मावळलं. "तू शिवी तरी दे रे," तो म्हणाला. "असा बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक बसली. मधोमध काथवटीत यांगोनाच्या मुळ्यांचं मातकट पाणी कालवलेलं, कडेनं गावातले जाणते. रोपाते नेहमीसारखा दारापाशी टेकायला गेला, पण सेतारेकीनं त्याला दंडाला धरून वर, रातूच्या चटईवर नेऊन बसवलं. सेतारेकी म्हणजे रातूचा शब्द गावाला आणि गावाचा शब्द रातूला सांगणारा म्हातारा. बोलणं तोलूनमापून, पण माणूस कनवाळू.

"बंदी लवकर उठवायची तर देवमाशाचा दात पुढे ठेवावा लागतो," तो म्हणाला. "तो मी ठेवीन. पण शब्द तुमचा हवा. बाप तुमचा. एकीकडे शंभर रात्रींची रीत आहे. दुसरीकडे रातू स्वतः काय म्हणायचे तेही आपण सगळ्यांनी ऐकलंय. पोरांच्या पोटावर पाय नको. तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य आहे."

टाळी वाजली. भरलेली करवंटी पुढे आली आणि रोपातेसमोर थांबली. आधी रातू पितो, मग बाकीचे. रोपाते मान खाली घालून रातूच्या पिण्याची वाट पाहत बसला.

बराच वेळ गेला. कुणीतरी खाकरलं. हा उशीर कशाचा होतोय, असं रोपातेला वाटलं, आणि बाप बसल्या जागी पेंगला की काय हे बघायला त्यानं मान वर केली. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"अहो," सेतारेकी हळूच म्हणाला, "तुम्हीच प्यायचंय."

रोपातेनं करवंटी घेतली आणि एका दमात रिकामी केली. जीभ बधिर झाली. बाकीचा तो आधीच तसा होता. "उद्या सकाळी बघून सांगतो," तो म्हणाला. त्याच्यासाठी हे पुष्कळच बोलणं होतं.

सकाळी तो बांधावर गेला. आपोरोसा आधीच येऊन बसला होता, फळी मांडीवर आडवी घेऊन. मागच्या डोंगरावरून गार वारा येत होता आणि आतलं पाणी अगदी गुळगुळीत होतं. लांब, खडकाच्या पलीकडे, समुद्रावर एक गडद रेघ उठली. ती जवळ आली, खडकाला पाय लागले तशी उभी राहिली, आणि वाऱ्यानं तिच्या माथ्यावरचे तुषार मागे उडवले. खांबापाशी ती लाल पट्ट्यापर्यंत चढली. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सावकाश उलगडत गेली. तिच्या मागे दुसरी होती, तिच्या मागे तिसरी.

"आई गं," आपोरोसा म्हणाला.

सुंदर आहे, हे रोपातेला कळत होतं. वाटत मात्र नव्हतं. हो म्हणावं की नाही, हेही त्याला ठरवता येईना. हो म्हटलं तर गाव खूश होईल, नाही म्हटलं तर गाव मान तुकवेल, आणि दोन्हींत आपल्याला काही फरक पडणार नाही, याचीच त्याला भीती वाटली. बापासाठी आपल्या पोटात काहीच नाही की काय? तो घराकडे वळला. आपोरोसा फळी काखेत मारून मागोमाग निघाला.

व्हरांड्यात सेतारेकी वाट पाहत होता. आत्या चहाची किटली घेऊन दारात उभी होती. रोपाते पायऱ्या चढला आणि पाय नेले तिथं, वेताच्या खुर्चीसमोर, जाऊन उभा राहिला.

"बोला," सेतारेकी म्हणाला.

रोपातेनं हो किंवा नाही म्हणायला तोंड उघडलं.

"वारा मतलई," तो म्हणाला. "हलका. पाणी गुळगुळीत, एक सुरकुती नाही." आत्यानं किटली खाली ठेवली. त्याचं त्याला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं. "लाट... लाट तुझ्याएवढी आहे, ता. हात वर करून. पट्ट्याला लागलीय."

इथं बाप विचारायचा. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता. रोपाते थांबला, काल करवंटीपुढे थांबला होता तसाच. लांबून लाट फुटल्याचा आवाज आला. खुर्चीच्या हातावर, रातूची बोटं टेकायची तिथं, वेत घासून काळा पडला होता. कुणी काही विचारलं नाही. आणि आता कुणी कधीच विचारणार नाही, हे तेव्हा कुठे रोपातेला कळलं. छातीत काहीतरी इतकं जोरात दुखलं की त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पाण्यात कोणी नाही," तो म्हणाला.

भिंतीला काहीतरी लागल्याचा आवाज झाला. आपोरोसानं फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. तो गेला असता तर त्याला कुणी अडवलं नसतं.

"कोणी नाही, मामा," आपोरोसाही म्हणाला. "मी पण इथंच आहे."

सेतारेकीला उत्तर मिळालं होतं, खडक बंदच राहणार होता. तो उठला, पण लगेच निघाला नाही. रोपाते खुर्चीपुढे खाली बसला आणि रिकाम्या बैठकीवर त्यानं डोकं टेकवलं. खांदे गदगदायला लागले. आत्या त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, ओंडका म्हणाली नाही.

"ता, सगळे बाहेर आहेत," तो म्हणाला. "तू ऊठ आता."