कंस शून्य कुठे होतो

"बाई, कारणं नकोत. युक्ती सांगा आणि पुढे चला," वर्गात शिरता शिरता संचालक हळूच म्हणाला. "पोरांना वेळ नसतो."

क्लास त्याचा होता. फळा, बाकं, बाहेरच्या पाटीवरचा टाय लावलेला फोटो, सगळं त्याचंच. एकेकाळी तो बाईंच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा आणि साइनच्या आलेखाला साप म्हणायचा. आज तो शेवटच्या बाकावर बाईंचीच परीक्षा घ्यायला बसला. मॅडम फार हळू शिकवतात, अशा तक्रारी आल्या होत्या. आजचा तास झकास झाला तर बारावीची बॅच बाईंकडे राहणार, नाही तर नारळ.

बाईंना ही बॅच हवी होती. पैशांसाठी नव्हे, पेन्शन पुरत होती. पण घरी मुलगा उठता बसता म्हणायचा, "आई, आता आराम कर ना," आणि सून हातातलं भांडंसुद्धा काढून घ्यायची. त्या घरात सगळे त्यांची काळजी घेत आणि कुणी त्यांना काही विचारत नसे. इथे निदान शंका तरी विचारत.

त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. साइन, कंसात दोन एक्स वजा साठ अंश. एरवी त्या आधी विचारायच्या, "कंस शून्य कुठे होतो? आलेख तिथून सुरू होतो. पाठ नका करू, शोधा." मग पोरं डोकी खाजवत बसायची आणि बाई थांबायच्या. आज त्यांनी मनाला मुरड घातली.

"एक्सला दोनने गुणलंय, म्हणून आलेख आखडतो. तीनशे साठ अंशांत पुरी होणारी लाट एकशे ऐंशीत उरकते. वजा आहे, म्हणून उजवीकडे सरकवा. साठ अंश. झालं!"

पोरांची पेनं भराभर चालली. मागे संचालकाने मान डोलावली, आणि त्या मानेनं बाईंना भलतंच बरं वाटलं. खडू ठेवता ठेवता त्यांची नजर आपण काढलेल्या आलेखावर गेली. साठ अंशांपाशी लाट शून्यातून वर चढत होती. साठाची दुप्पट एकशेवीस, वजा साठ, उरले साठच. कंस तिथे शून्य होतच नव्हता! दोन आधी कंसाबाहेर काढायचा राहिला होता. सरकायचं होतं तीसच अंश. ही चूक करणाऱ्याला त्या जन्मभर सुनावत आल्या होत्या, "उचलली जीभ, लावली टाळ्याला."

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. संचालक फोन बघत होता. गप्प बसलं तर झाकली मूठ, बॅच आपली. बाईंना स्वतःचीच इतकी चीड आली की कान तापले.

"थांबा. माझं चुकलं. खोडा सगळं."

"मॅडम, पेनने काढलंय!" वर्ग कळवळला.

"मग काट मारा. कंस शून्य कुठे होतो, सांगा आधी."

"बाई, वेळ संपत आलाय," संचालक मागून म्हणाला. "असू द्या की. चार मार्कांचं तर आहे."

"म्हणून चुकीचं शिकवू?"

कुणीतरी फिसकन हसलं. संचालक उठला आणि दार ओढून निघून गेला.

बाईंनी फळा पुसला आणि तीसपासून नवी लाट काढायला घेतली, त्यांच्या नेहमीच्या संथ चालीने. पंचाहत्तरला शिखर, एकशेवीसला शून्य, एकशे पासष्टला तळ. तेवढ्यात घंटा झाली आणि फटाफट वह्या मिटल्या.

पहिल्या बाकावरची मुलगी तेवढी वही उघडी ठेवून उभी होती. बाईंना भरून आलं.

"ये. तीस कुठून आले, कळलं का?"

"नाही मॅडम. पण राहू द्या." तिने वही सॅकमध्ये कोंबली. "उद्या नवीन सरांना विचारते."

"कोण नवीन सर?"

"आमच्या बॅचचे. सकाळीच वेळापत्रक आलं ना ग्रुपवर." तिने भाबडेपणानं फोन पुढे केला. "तुम्ही नाही बघितलं?"

बाईंनी फोन हातात घेतला नाही.

"बघितलं की," त्या म्हणाल्या. "जा, तुला उशीर होईल."

मुलगी गेली. रिकाम्या वर्गात बाई परत फळ्याकडे वळल्या, अर्धवट राहिलेली लाट दोनशे दहापर्यंत नेली आणि मग हात झटकले.