टेलरबाईंचं माप

टेलरबाईंनी शिवलेला कपडा बत्तीस वर्षांत एकदाही 'होत नाही' म्हणून परत आला नव्हता. गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून त्या कंबर सांगायच्या. नवऱ्याला मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. ते कचेरीत साहेब होते आणि निवृत्त झाल्यावर घरातही साहेबच राहिले.

मशीनसमोरच्या खिडकीतून तळं दिसायचं. साठी उलटली तसं बाईंनी मनावर घेतलं, की शिडाची छोटी होडी घ्यायची आणि ती आपण स्वतः चालवायची.

तळ्याकाठचा होडीवाला भला माणूस होता. "नवशिक्यानं निमुळत्या, पळणाऱ्या होडीच्या नादी लागू नये," तो म्हणाला. "रुंद बुडाची घ्या, उभं राहिलात तरी कलंडणार नाही. शीड एकच. खालचा दांडा उंच ठेवतो, म्हणजे वळताना टाळक्यात बसणार नाही." त्याने बाईंना नमुन्याच्या होडीत मागे बसवलं आणि सुकाणू हातात दिलं. होडी जमिनीवरच होती, तरी बाईंना हसू आवरेना.

"पाय या आडव्या फळीवर रोवायचे. ही फळी चालवणाऱ्याच्या मापानं ठोकतो. पाय लटकले तर सगळा आराम गेला."

बाईंनी पर्समधला टेप काढून स्वतःचं माप घेतलं आणि कागदावर लिहून दिलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली. स्वतःचं कुणाला देण्याची ही पहिलीच वेळ. साहेब बाजूला उभे राहून घड्याळ बघत होते.

महिन्याभराने होडी पाण्यात उतरली. बाई मागे बसल्या, सुकाणू धरलं, पाय पुढे केले. फळी लागेना. पुढे सरकल्या, टाचा ताणल्या, तरी वीतभर अंतर उरलंच.

"अहो, हे माझं माप नाही," त्या होडीवाल्याला म्हणाल्या.

तो गोंधळला. "साहेबांचा फोन आला होता की. म्हणाले, बाईंचं माप चुकलंय, नवीन लिहून घ्या."

"अगं, तुला कशाला ती दगदग?" साहेब हसत म्हणाले. "चालवीन मी. तू पुढे आरामात बस. खास तुझ्यासाठी मऊ गादी करून घेतलीय."

आपण बायकोचे लाड करतोय, असं त्यांना खरोखरच वाटत होतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माप चुकलंय! आणि तेही टेलरबाईंचं!

"फळी सरकवा," त्या म्हणाल्या. "मी दिलेल्या मापाला."

होडीवाला हातोडी घेऊन आला, फळीपाशी बसला आणि मान वर करून म्हणाला, "साहेब, सरकवू ना?"

"सरकव बाबा. होऊ दे तिची हौस एकदाची."

बाई उठल्या आणि काठावर उतरल्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "ह्यांना बरोबर बसतंय."

घरी येऊन त्यांनी मशीन खिडकीपासून ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून लावलं.