अर्पिताची कंदुरी

येलदरीच्या वीजघरातली रात्रपाळी संपवून रामप्रसाद जिंतूरला घरी आला, तेव्हा त्याची आई म्हाळसाबाई ओट्यावर बसलेली होती. बोरीजवळच्या गावाहून पहिल्या एसटीनं आली होती.

"गुरुवारी कंदुरी हाय," ती म्हणाली. "पोरीला घेऊन ये."

मागच्या पावसाळ्यात रामप्रसादच्या पोरीला, अर्पिताला, डेंग्यू झाला होता. परभणीच्या दवाखान्यात तिच्या पेशी उतरत चालल्या, तेव्हा म्हाळसाबाईनं गावाबाहेरच्या पीरसाहेबाला कंदुरीचा, म्हणजे बोकड कापून जेवण घालायचा, नवस बोलला होता. रामप्रसाद आणि त्याची बायको शिवकन्या देव मानत नव्हते. शिवकन्या स्वतः नर्स होती.

म्हाळसाबाई आत नातीकडे गेल्यावर शिवकन्या हळू आवाजात म्हणाली, "नाही म्हणून सांगा आत्याबाईंना."

"तू सांग."

लग्नात सत्यनारायण नको, पोरीचं जावळ नको, घरात देव्हारा नको, असं म्हणत दोघांनी इतकी वर्षं काढली होती. आता नाही म्हणायचंही जिवावर येई.

"जाऊ दे पोरीला," शिवकन्या शेवटी म्हणाली. "तिचं ती ठरवेल."

पोरीवर काही लादायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं. ते तिला दत्ताच्या देवळात नेत, बुद्धविहारात नेत, शेजारी ईदच्या शीरखुर्म्याला नेत. लोक असं असं मानतात, एवढंच सांगत.

गुरुवारी बापलेक दर्ग्यावर पोचले, तोवर रामप्रसादच्या धाकट्या भावानं, बिरूनं, बोकड कापून डेग चुलीवर चढवली होती. दोघं चिंचेखाली बसले. रात्रपाळीनं रामप्रसादचे डोळे चुरचुरत होते.

"पप्पा, मी कशानं बरी झाले?"

"औषधानं."

"आजी म्हणते पीरबाबानं."

"लोक मानतात तसं."

"मी आत जाऊन हात जोडू का?"

"तुला वाटलं तर जोड."

अर्पितानं तोंड फिरवलं. "सगळ्यांच्या घरी काय मानायचं ते सांगतात. तुम्ही दोघं नुसतं, तुझं तू ठरव. मला कंटाळा आलाय ठरवायचा."

रामप्रसाद तिच्याकडं वळला.

"मी नाही जोडत," तो म्हणाला. "तिथं ऐकणारं कुणी आहे असं मला वाटत नाही. तू दवाखान्यात होतीस तेव्हाही नाही जोडले."

"भीती नाही वाटली?"

"लय वाटली. बाहेर गाडीपाशी जाऊन रडलो."

"आणि आजी?"

"तिलाही तेवढीच वाटली. तिनं नवस बोलला."

पप्पा रडले होते, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात म्हाळसाबाईनं हाक मारली. अर्पितानं ओढणी डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढायला आजीचा हात धरला.

"तुझा बाप येत न्हाई का?"

"त्यांना नाही वाटत आत कुणी असतं म्हणून."

"ठाऊक हाय मला. आधीपासून तसाच हाय तो. चल, पायरी बघ."

आत तिनं काय केलं ते रामप्रसादला दिसलं नाही, आणि त्यानं नंतर विचारलंही नाही. पंगतीत तिनं दोनदा रस्सा मागून घेतला.

घरी आल्यावर अर्पिता शेजारी खेळायला पळाली. शिवकन्या नुकतीच ड्युटीवरून आली होती.

"काय केलं तिनं?"

"माहीत नाही. पण मी माझं सांगितलं तिला. आता तुलाही विचारेल ती."

शिवकन्यानं चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "आत्याबाईंनी दिलेला अंगारा मीच दवाखान्यात तिच्या उशीखाली ठेवला होता. तुम्ही औषधं आणायला गेला होतात तेव्हा."

"मला दिसला होता," रामप्रसाद म्हणाला.

"मग बोलला नाहीत?"

"तू उशी नीट लावून ठेवली होतीस. मी पण तशीच राहू दिली."

तोही खाली तिच्याशेजारी बसला. चहाची वेळ झाली तरी तो टाकायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.