उदरीचे फळ

ऑक्टोबरची संध्याकाळ. वसईच्या किनाऱ्यावर तांबूस, तलम, थकलेला प्रकाश. ओहोटीने उघड्या टाकलेल्या चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या, पण त्यांच्यावरची निशाणे हलत होती. हलत होते माडांचे झाप. हलत होते बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून वाळत टांगलेले बोंबील. हलत होत्या अंगणातल्या कागदी पताका.

सारी सृष्टी हलत होती. फक्त सिसिलच्या पोटातले बाळ सकाळपासून हलले नव्हते.

सकाळी तिला वाटले, झोपले असेल. दुपारी चणे उकडताना, पातेल्याच्या वाफेत उभी राहून, तिने पोटावर तळवा ठेवला आणि वाट पाहिली. आठव्या महिन्याचा तो ताणलेला, तुकतुकीत, उष्ण घुमट. एरवी आत मासोळीची सळसळ असायची. आज नुसते पाणी. स्थिर, मुके, खोल पाणी.

तिने कोणाला सांगितले नाही. नवरा जुजे बोटीवर, दूर दर्यात. सासू सकाळपासून घर पुसण्यात, पडदे बदलण्यात गढलेली. आणि भीती ओठांआड असते तोवर नुसती भीती असते. बोलली, की खबर होते.

आज माता त्यांच्या घरी येणार होती. रोझरीच्या, जपमाळेच्या महिन्यात मरियामातेची मूर्ती आळीतल्या घराघरांत एकेक संध्याकाळ वस्तीला जाते. ज्या घरी माता, त्या घरच्या सुनेने प्रार्थना सांगायची. सांगणारी अर्धीच प्रार्थना म्हणते, देवदूताचे नमन. उरलेली अर्धी, विनवणी, जमलेली आळी म्हणते. एक आवाज उठतो, अनेक आवाज त्याला झेलतात. लाटेसारखी ती प्रार्थना पुढे जाते, मागे येते.

माता आली. निळ्या वस्त्राची, नतनयना, अबोलीच्या हारातली माता. बाया ओसरीवर बसल्या, पुरुष अंगणात उभे राहिले. एकेकाळची सुईण मोनूमाय, आळीतली सर्वांत म्हातारी, दाराशी भिंतीला टेकली.

“आवाज मोठा काढ गो, सूनबाय,” ती म्हणाली. “माझे कान बोंबलासारखे सुकलेत.”

बाया हसल्या. सिसिलही हसली, कोरड्या ओठांनी. मग जपमाळेचा मणी चिमटीत धरून तिने आरंभ केला.

“नमो मरिये, कृपापूर्णे...”

लहानपणापासून ही प्रार्थना तिच्या तोंडात होती, ओढ्यातल्या गोट्यासारखी घासून घासून गुळगुळीत झालेली. श्वासाकडे कोणी पाहत नाही, तसे तिने या शब्दांकडे कधी पाहिले नव्हते. आज मात्र तो गोटा फुटला होता, आणि एकेक शब्द कपचीसारखा जिभेला लागत होता.

तुझ्या उदरीचे फळ. म्हणत होती ती मातेला. ऐकत होते तिचे स्वतःचे उदर.

“आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर,” आळी म्हणत होती.

किती जवळ ठेवल्या होत्या या दोन वेळा. आता, आणि मरणाची वेळ. मध्ये एवढासा ‘आणि’, होडीवरून धक्क्यावर टाकलेल्या फळीसारखा, चिंचोळा, ओला, निसरडा. मणी सरकत होते, आणि प्रत्येक मण्यागणिक ती फळी आखूड होत होती. या दोन वेळांची भेट होऊ देऊ नकोस, सिसिल मनात म्हणत होती. आज नको. माझ्या पोटात नको.

“...आणि तुझ्या उदरीचे फळ...”

ती थांबली. पुढचे नाव ओठांवर येईना.

आळी थबकली. मेणबत्ती तडतडली. कोणीतरी हळूच आठवण करून दिली, “येशू, सिसिल. येशू म्हण.” जणू ती विसरली होती.

“आये,” सिसिल सासूला म्हणाली. एवढ्या माणसांत, मातेच्या पुढ्यात. “सकाळपासून पोर हललं नाय.”

सासूने हातातली जपमाळ गळ्यात टाकली, दोन्ही हात मोकळे केले आणि तिला धरले.

“डाव्या कुशीवर निजव तिला,” मोनूमाय भिंत सोडून उठली. “शहाळं फोडा कोणी. पावलू, रिक्षा आण, दवाखान्यात न्यायचं आहे. उभा काय राहिलास? आमेन व्हायची वाट बघतोस?”

शेजारचा पावलू धावला. सिसिलला मातेच्या पायाशी चटईवर निजवले. शहाळ्याचे गार पाणी घशातून उतरले. मोनूमायचा सुरकुतलेला, खारट वासाचा तळवा पोटावर विसावला. आणि सासूने, मोडलेल्या जागेपासूनच, प्रार्थना उचलली.

“...येशू धन्य.”

आळीने ती झेलली.

आज पहिल्यांदाच सिसिलच्या वाट्याला कोणताच अर्धा भाग नव्हता. ती नुसती ऐकत होती. पहिले शब्द अशाच कोण्या घरात, अशाच कोण्या भ्यालेल्या पोरीला देवदूताने म्हटले होते. आणि दुसरे, विनवणीचे शब्द सिसिलने एकटीने कधी म्हणायचेच नव्हते. मरणाचा तो जड शब्द सगळ्या आळीने आपसांत वाटून घेतला होता, प्रसादाच्या चण्यांसारखा, प्रत्येकाच्या मुठीत थोडा थोडा. त्या चिंचोळ्या ‘आणि’वर बाया खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

भीती गेली नाही. पण ती आता एकटीची नव्हती.

आळीच्या तोंडाशी रिक्षा घरघरली. “आता,” आळी म्हणाली, आणि सिसिलच्या बरगडीखाली आतून काहीतरी लागले. झिंग्याने पाण्यातून टिचकी मारावी, एवढेच.

मोनूमायचा तळवा थिजला. “माय, तुला लागलं?” सिसिलने विचारले.

“गप.”

पुन्हा लागले. म्हातारीने डोळे मिटले, उघडले. “बापासारखं आहे. उशिरा उठतं,” ती म्हणाली. मग सिसिलच्या काखेत हात घालून, “तरी चल. डॉक्टरणीला ऐकू दे.”

रिक्षा किनाऱ्याच्या वाटेला लागली. सिसिल एका तळव्याने पोट धरून बसली होती, दुसरा तळवा सासूच्या हातात. मागे आळीचा आवाज येत होता, अंतराने विरळ, वाऱ्याने विस्कटलेला. आता, म्हणत होता. आणि, म्हणत होता. पुढचे वाऱ्यावर वाहून जात होते.

बाहेर काळवंडत्या चिखलावर भरतीचे पहिले पाणी चढत होते, हळू, रुपेरी, निःशब्द. सर्वांत खालच्या होडीपाशी ते आले, तिच्या कुशीखाली शिरले. होडी हलली.